उपग्रहावरून नदी, धरण आणि पाणथळीची पातळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात मोठ्या धरणांचे आकडे रोज पेपरात येतात. नद्यांचे लांबच लांब पट्टे, मधले तलाव आणि पाणथळी मात्र मोजपट्टीविनाच असतात. तिथे उपग्रह उपयोगी पडतो, पण तो दाखवतो तो आकडा कशाच्या वरचा, नेमका कुठला आणि कधीचा हे कळल्याशिवाय वापरू नये. खालची उत्तरे पाणीवापर संस्था, विद्यार्थी, पत्रकार आणि अभियंते यांच्यासाठी आहेत. उदाहरणे शक्य तिथे महाराष्ट्रातली घेतली आहेत.

इतक्या उंचीवरून पाण्याची पातळी कळते तरी कशी?

अंतर मोजून. सेंटिनेल-३ हा युरोपचा उपग्रह सुमारे ८१४ किलोमीटर उंचीवरून सरळ खाली रडारचा स्पंद सोडतो. पाण्यावर आदळून परत यायला त्याला साधारण ५.४ मिलिसेकंद लागतात. या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे आणि निम्मे करायचे, की उपग्रहापासून पाण्यापर्यंतचे अंतर निघते. त्या क्षणी उपग्रह स्वतः किती उंचीवर होता हे वेगळे, काही सेंटीमीटरच्या अचूकतेने काढलेले असते. उंचीतून अंतर वजा केले की पातळी.

हिशेब शाळकरी वाटतो. पण पातळीतला १ सेंटीमीटर म्हणजे परतीच्या वेळेतले फक्त ६७ पिकोसेकंद, नॅनोसेकंदाचा पंधरावा हिस्सा. म्हणून वाटेतल्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो.

हवेमुळे किती फरक पडतो?

कोरड्या हवेत स्पंद थोडा रेंगाळतो आणि समुद्रसपाटीला अंतर सुमारे २.३ मीटर जास्त भासते. बाष्पामुळे त्यात काही सेंटीमीटरपासून ४० सेंटीमीटरपर्यंत भर पडते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, म्हणजे आयनांबराचा, परिणाम केयू या लहरींच्या पट्ट्यात चालणाऱ्या रडारवर काही सेंटीमीटरचा, क्वचित त्याहून जास्त असतो. त्याहून आखूड लहरींच्या केए पट्ट्यात तो जवळजवळ नसतोच. शिवाय चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीनसुद्धा काही डेसिमीटर वर-खाली होते, तीही वजा करावी लागते.

धरणांच्या बाबतीत नेहमी होणारी चूक कोरड्या हवेच्या दुरुस्तीत असते. कोयनेच्या शिवसागराची पूर्ण पातळी सुमारे ६५९ मीटर आहे. तिथे हवेचा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे दुरुस्ती सुमारे २.१४ मीटर हवी. कोणी समुद्रसपाटीचा दाब धरून २.३१ मीटर वजा केले, तर जलाशय आहे त्यापेक्षा १७ सेंटीमीटर उंच दिसतो. समुद्रासाठी लिहिलेली संगणकीय पद्धत जशीच्या तशी धरणावर चालवली की हे घडते. बाष्पाचेही तसेच आहे. उपग्रहावरचा बाष्प मोजणारा रेडिओमीटर समुद्रावर उत्तम चालतो, पण भोवती जमीन आली की त्याचे वाचन बिघडते. म्हणून जमिनीवर हवामान प्रारूपातून काढलेली बाष्पाची दुरुस्तीच वापरावी.

कोणते उपग्रह हे काम करतात?

सलग नोंद १९९२ पासून मिळते. त्या वर्षी टोपेक्स/पोसायडन गेला. त्याच मार्गावर पुढे जेसन-१, जेसन-२, जेसन-३ आणि २०२० साली सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक आले. हे दर १० दिवसांनी त्याच रेषेवर येतात, पण विषुववृत्तावर दोन रेषांमध्ये ३०० किलोमीटरहून जास्त अंतर असते. दुसरी मालिका ईआरएस आणि एन्व्हिसॅट यांची, ३५ दिवसांच्या फेरीची. त्याच कक्षेत इस्रो आणि फ्रान्सची सीएनईएस यांचा सरल हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेला. त्यावरचा अल्टिका हा केए पट्ट्यात चालणारा पहिला उंचीमापक. जुलै २०१६ पासून सरलची कक्षा मोकळी सोडली आहे, त्यामुळे एकाच जागेची पुढची सलग मालिका त्यातून मिळत नाही.

सध्या नद्या आणि धरणांसाठी रोजच्या उपयोगाचे मुख्यतः दोन, सेंटिनेल-३ आणि स्वॉट. सेंटिनेल-३ चे ए आणि बी हे दोन उपग्रह प्रत्येकी २७ दिवसांनी त्याच रेषेवर येतात. दोघे मिळून विषुववृत्तावर रेषांमधले अंतर सुमारे ५२ किलोमीटर होते. आइससॅट-२ रडारऐवजी हिरव्या लेझरने मोजतो. त्याची अचूकता फार चांगली, पण फेरी ९१ दिवसांची आणि ढगातून तो पाहू शकत नाही. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबू नये.

स्वॉट बाकीच्यांहून वेगळा कसा?

इतर उपग्रह आपल्या पायाखालची एक रेषा मोजतात, स्वॉट पट्टा मोजतो. १६ डिसेंबर २०२२ रोजी गेलेल्या या नासा-सीएनईएसच्या उपग्रहावर १० मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. पाण्यावरून परतलेली लहर दोन्हीकडे किंचित वेगळ्या कलेत, म्हणजे लहरीच्या चढ-उताराच्या वेगळ्या टप्प्यावर, पोहोचते आणि त्या फरकावरून उंची निघते. डावीकडे ५० किलोमीटर, उजवीकडे ५० किलोमीटर, मध्ये २० किलोमीटरची फट. फटीच्या मधोमध साधा उंचीमापक चालू असतो. फेरी २१ दिवसांची असते. आपल्या अक्षांशावर बहुतेक ठिकाणे त्या फेरीत एकदा किंवा दोनदा दिसतात. थोडे तुकडे मात्र दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत सापडतात.

१०० मीटरपेक्षा रुंद नद्या आणि २५० मीटर गुणिले २५० मीटरपेक्षा मोठे तलाव मोजायचे, हे त्याच्यापुढचे उद्दिष्ट होते. १ चौरस किलोमीटर पाण्यावर सरासरी काढली तर उंचीत १० सेंटीमीटर, आणि १० किलोमीटर लांबीवर नदीच्या उतारात दर किलोमीटरला १.७ सेंटीमीटर अशी अचूकता ठरवलेली होती. नदीचा उतार अवकाशातून मिळणे ही खरोखर नवी गोष्ट आहे. मोजपट्टी एका जागेची पातळी सांगते, दोन गावांमधला पाण्याचा ढाळ सांगत नाही.

माझ्या धरणावरून उपग्रह जातो का, हे कसे पाहू?

सेंटिनेल-३ चे मार्ग युरोपीय अवकाश संस्था आणि स्वॉटचे पट्टे फ्रान्सची अविसो ही सेवा केएमएल फाइलमध्ये फुकट देते. त्या गुगल अर्थमध्ये उघडा आणि आपल्या जलाशयावर आणा. सेंटिनेल-३ ची रेषा पाण्याला जिथे ओलांडते त्या जागेला आभासी मोजणी केंद्र म्हणतात.

रेषा पाण्यावरून गेली म्हणजे काम झाले असे नाही. रेषेखाली सलग किमान दीड-दोन किलोमीटर पाणी हवे. उपग्रह सेकंदाला २० मोजण्या देतो, म्हणजे जमिनीवर साधारण दर ३३० मीटरला एक. काठालगतच्या मोजण्या सोडल्यावर तीन-चार तरी उराव्यात. जायकवाडीचा नाथसागर किंवा उजनीचा मुख्य फुगवटा यांवर हे सहज जमते. घाटातल्या अरुंद, फाटे फुटलेल्या जलाशयावर रेषा तिरकी गेली तर एकही स्वच्छ मोजणी मिळत नाही. स्वॉटसाठी पट्ट्याच्या आतल्या कडेपासून आणि बाहेरच्या कडेपासून थोडे आत असलेले पाणी चांगले. उपग्रहाच्या पायाखालच्या रेषेपासून १० ते ६० किलोमीटर हीच कामाची जागा.

संगणकाची भाषा येत नसेल तर तयार आकडे कुठे मिळतील?

तीन ठिकाणे पाहावीत. फ्रान्सचे हायड्रोवेब, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचे दाहिती आणि अमेरिकी कृषी खात्याचे जी-रीअल्म. पहिल्या दोन ठिकाणी फुकट नोंदणी लागते. नकाशावर ठिपका निवडला की तारखेसह पातळी आणि तिची अनिश्चितता मिळते. जी-रीअल्ममध्ये फक्त मोठे तलाव आणि जलाशय आहेत, पण नोंद १९९२ पासूनची आहे.

दोन ठिकाणचे आकडे एकाच आलेखात थेट जोडू नका. प्रत्येकाचा जिऑइड (उंची मोजायला धरलेली समुद्रसपाटी), दुरुस्त्या आणि गाळणी वेगळी असू शकते. आधी दोन्हींच्या एकाच काळातल्या नोंदींमधला स्थिर फरक काढा आणि मगच जोडा.

स्वॉटची कालमालिका काढायची पायरीवार पद्धत सांगा.

नदीसाठी आधी ओळख क्रमांक लागतो. स्वॉटने जगभरच्या नद्यांचे साधारण १० किलोमीटरचे तुकडे पाडले आहेत. प्रत्येक तुकडा म्हणजे रीच, आणि त्यात दर २०० मीटरला एक नोड. हे सगळे सॉर्ड नावाच्या नकाशात आहे. रीचचा क्रमांक ११ अंकी असतो. आशियातल्या नद्यांचा पहिला अंक ४ असतो. शेवटचा अंक प्रकार सांगतो, १ म्हणजे नदी, ३ म्हणजे नदीवरचा तलाव, ४ म्हणजे धरण किंवा धबधबा. शेवटी ४ असलेल्या तुकड्याची पातळी वापरू नका, तिथे पाणी मुळातच उडी घेते. तलावांचा क्रमांक १० अंकी असून तो पूर्वनोंदीत तलावांच्या यादीत सापडतो.

क्रमांक हाती आला की नासाच्या हायड्रोक्रॉन सेवेला एका पत्त्याच्या ओळीत तो द्यायचा. नदीचा तुकडा, नोड की तलाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, उत्तर सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) हवे की नकाशाच्या स्वरूपात, आणि कोणते रकाने हवेत. पातळीचा रकाना डब्ल्यूएसई. त्यासोबत वेळ, रुंदी, उतार, गुणवत्तेचा शेरा आणि अंधाऱ्या पाण्याचे (रडारला काळ्या दिसणाऱ्या भागाचे) प्रमाण हे रकाने न विसरता मागा. वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. रात्री पावणेआठची मोजणी खरे तर दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाची असते, आणि पुराच्या दिवसात ही तारीख बदलणे महागात पडते.

नोडचा क्रमांक १४ अंकी असतो. एक्सेल तो आपोआप घातांकात लिहिते आणि जतन करताना शेवटचे अंक जातात. रकाना मजकूर म्हणून आयात करा.

आणखी एक अडचण आवृत्त्यांची. स्वॉटच्या आकड्यांच्या सी आवृत्तीत सॉर्डची १६ वी, तर डी आवृत्तीत १७ बी वापरली आहे. मधल्या बदलात काही रीचचे क्रमांक आणि सीमा सरकल्या. दोन आवृत्त्यांची सरमिसळ केली तर नदी एका महिन्यात दोन मीटर खचल्यासारखी दिसू शकते.

कोणते आकडे टाकून द्यायचे?

सर्वांत आधी −९९९९९९९९९९९९ हा आकडा. तो पातळी नव्हे, मोजणी नाही याची खूण आहे. सरासरी काढण्यापूर्वी तो काढला नाही तर सगळे वाया जाते. मग गुणवत्तेचा शेरा पाहा. ० म्हणजे चांगली, १ म्हणजे संशयास्पद, २ म्हणजे खालावलेली, ३ म्हणजे टाकाऊ. ३ नेहमीच काढा. ० आणि १ ठेवा. २ सरसकट टाकू नका, कारण आपल्या मध्यम रुंदीच्या नद्यांवर बऱ्याच मोजण्या याच गटात पडतात. त्या शेजारच्या नोडशी आणि आधीनंतरच्या तारखांशी ताडून पाहा.

अंधाऱ्या पाण्याचे प्रमाण ०.४ च्या वर असेल तर सावध राहा. रीचमधले निम्म्याहून कमी नोड दिसले असतील तर ती सरासरी संपूर्ण तुकड्याची नसते. यानंतरही एखादा ठिपका उरलेल्यांपासून दूर दिसला तर मध्यकापासूनचे विचलन काढा. प्रमाण विचलन वापरू नका, एकच वेडावाकडा आकडा ते फुगवतो आणि स्वतः त्यात लपून बसतो.

अंधारे पाणी म्हणजे काय?

स्वॉट जवळजवळ सरळ खाली पाहतो, त्यामुळे पाणी त्याला उजळ आणि जमीन मंद दिसते. पृष्ठभागावर बारीक तरंग असले की थोडी लहर उपग्रहाकडे परतते. वारा पूर्ण पडला की पाणी आरशासारखे होते, लहर दुसरीकडे निघून जाते आणि जलाशयाचा भाग काळा दिसतो. हिवाळ्यातल्या शांत पहाटे हे जास्त होते. जोराच्या पावसातही केए पट्ट्यातली लहर वाटेतच क्षीण होते. परिणाम तोच, कारण वेगळे.

जलपर्णीचा त्रास निराळा. उजनीच्या वरच्या फुगवट्यात किंवा पंचगंगेवर तिचा गालिचा पसरला की रडारला पाण्याऐवजी पाने दिसतात. तो भाग जमीन म्हणून गाळला जाऊ शकतो. रुंदी कमी भरते, आणि रुंदी-पातळीचा मेळ बसत नाही तेव्हा हे कारण आधी तपासा. त्याच आठवड्याचे सेंटिनेल-२ या छायाचित्र घेणाऱ्या उपग्रहाचे चित्र पाहिले की जलपर्णी हिरवीगार दिसतेच.

आलेखात कमानीसारखा आकार येतो. नदी अशी कशी असेल?

नदी तशी नाही. साध्या उंचीमापकाचा रडार खाली काही किलोमीटरचे वर्तुळ पाहतो. जमिनीवरून जात असताना बाजूला चमकदार पाणी दिसले की तो त्याचेच अंतर मोजतो, आणि ते तिरके अंतर सरळ अंतर समजून नोंदवतो. पाणी १ किलोमीटर बाजूला असेल तर पातळी सुमारे ०.७ मीटर खाली दिसते. २ किलोमीटर बाजूला असेल तर पावणेतीन मीटर. फरक अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून नदीजवळ येताना आणि दूर जाताना कमान उमटते. तिचा माथा हीच खरी पातळी.

सेंटिनेल-३ वर हा दोष मार्गाच्या दिशेने कमी असतो, कारण त्या दिशेत त्याची नजर सुमारे ३०० मीटरपर्यंत बारीक केलेली आहे. आडव्या दिशेत ती अजून काही किलोमीटरच आहे. म्हणून मार्गाला समांतर वाहणाऱ्या नदीवर चुका जास्त आणि काटकोनात ओलांडणाऱ्या नदीवर कमी.

कधी कधी पातळी पन्नास-शंभर मीटर चुकते. तेव्हा रडारची ऐकण्याची खिडकीच चुकीच्या उंचीवर उघडलेली असते. ही खिडकी फक्त ६० मीटरची. डोंगरी भागात ती माथ्यावर अडकली की दरीतले पाणी तिच्या बाहेर राहते. यावर उपाय म्हणून उपग्रहात आता जमिनीच्या उंचीचा तक्ता आधीच भरलेला असतो आणि खिडकी त्यानुसार उघडते. तक्त्यात एखाद्या जलाशयाची उंची चुकीची असेल तर तिथली वर्षानुवर्षांची मोजणी निरुपयोगी होते. प्रक्रिया करून ती परत मिळत नाही.

धरणावरचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा यांत पाऊण मीटर फरक येतो. चुकले कोण?

बहुधा कोणीच नाही. दोघे वेगवेगळ्या शून्यापासून मोजत आहेत.

उपग्रह आधी पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतो. भारताखाली गुरुत्वाकर्षणाने ठरणारी समुद्रसपाटी, म्हणजे जिऑइड, या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती १०० मीटरहून अधिक खाली जाते, जगात सर्वांत खोल. महाराष्ट्रातही फरक दहा मीटरच्या कित्येक पट आहे. म्हणून लंबगोलावरची उंची पाहणाऱ्याला मुंबईचा किनारा उणे दिसतो आणि तो घाबरतो. सेंटिनेल-३ च्या मूळ फाइलमधून जिऑइड स्वतः वजा करावा लागतो. स्वॉटच्या नदी आणि तलावांच्या फाइलमध्ये ईजीएम २००८ हा जिऑइड आधीच वजा केलेला असतो. तिथे तो पुन्हा वजा करू नका.

धरणाचा तलांक मात्र भारतीय तलेक्षण जाळ्याच्या मध्यम समुद्रसपाटीपासून येतो. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर आणि जायकवाडीची १५२२ फूट, म्हणजे ४६३.९ मीटर, ही त्याच मापातली. दोन मापांत काही डेसिमीटरचा, कधी मीटरभराचा स्थिर फरक असतो. तो शोधायचा तर दोन्हींच्या एकाच दिवसाच्या १०-१५ जोड्या घ्या, फरक काढा आणि त्यांचा मध्यक वापरा. जोड्या निवडताना पाणी वेगाने चढत-उतरत असलेले दिवस वगळा. फरक स्थिर निघाला तर उपग्रह भरवशाचा. फरक पातळीबरोबर वाढत किंवा घटत असेल तर जोडलेली जागा, आवृत्ती किंवा मोजपट्टी यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे.

सांगलीच्या आयर्विन पुलावरची ४५ फूट किंवा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फूट धोका पातळी हे तर तलांकही नव्हेत. ते त्या जागच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे फूट आहेत. मोजपट्टीच्या शून्याचा तलांक कळल्याशिवाय त्यांची उपग्रहाशी तुलना होत नाही.

प्रत्यक्षात अचूकता किती धरावी?

मोठ्या, उघड्या तलावावर ५ सेंटीमीटरपर्यंत. उजनी-जायकवाडीसारख्या जलाशयांवर १० ते ३० सेंटीमीटर. २०० मीटर रुंद नदीवर साध्या उंचीमापकाने ३० ते ५० सेंटीमीटर, त्याहून वाईटही. स्वॉट नदीवर याहून सरस असतो, पण दऱ्यांमध्ये नाही. शिवसागराच्या दोन्ही बाजूंचा डोंगर आणि खालचे पाणी उपग्रहापासून सारख्याच अंतरावर येते, मग दोघांचे प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात. अशा ठिकाणी सपाट, रुंद भागातलेच ठिपके निवडावेत.

दोन तारखांमधला फरक हा एकेका आकड्यापेक्षा नेहमीच जास्त विश्वासाचा असतो, कारण जिऑइडची चूक दोन्हीकडे सारखीच असून वजाबाकीत ती उडून जाते.

आमच्या नदीवर कोल्हापुरी बंधारे आहेत. त्याने काही बिघडते का?

हो, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की नदी उतरती राहत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची होते. प्रत्येक बंधाऱ्यामागे जवळजवळ सपाट डोह, मग दोन-तीन मीटरची उडी, मग पुढचा डोह. १० किलोमीटरच्या रीचमध्ये असे दोन-तीन बंधारे आले तर त्याची सरासरी पातळी कोणत्याच डोहाची नसते, आणि उताराच्या आकड्यालाही अर्थ राहत नाही.

अशा नद्यांवर नोडचे आकडे घ्या. नोडची पातळी अंतराप्रमाणे मांडली की पायऱ्या स्वच्छ दिसतात. प्रत्येक डोहातल्या नोडचा मध्यक काढा आणि डोहाला वेगळे ठिकाण समजा. बरगे घातल्याची आणि काढल्याची तारीख नोंदीत लिहा. नाहीतर मे-जूनमध्ये बरगे काढल्यावर पडलेली पातळी दुष्काळाची म्हणून वाचली जाते.

पुराचा इशारा यातून देता येईल का?

सांगली-कोल्हापूरला, नाही. तिथे काही तासांत पाणी फुटाफुटाने चढते आणि उपग्रह दहा-वीस दिवसांनी येतो. सेंटिनेल-३ चे सर्वांत ताजे आकडे ३ तासांत, सुधारित आकडे ४८ तासांत आणि अंतिम सुमारे महिन्याने येतात. पण मुळात त्या दिवशी तो माथ्यावर असला पाहिजे. इशाऱ्यासाठी मोजपट्टी आणि पर्जन्यमापक यांना पर्याय नाही.

मोठ्या, संथ नद्यांची गोष्ट वेगळी. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या भारतातल्या पात्रावरची जेसन-२ ने मोजलेली पातळी वापरून बांगलादेशात आठ दिवस आधीचे पूर अंदाज काढले गेले, कारण तिथे पुराची लाट खाली पोहोचायला दिवस लागतात आणि वरच्या देशातल्या मोजपट्ट्या हाताशी नसतात. आपल्याकडे पुरानंतरच्या अभ्यासाला स्वॉट फार उपयोगी आहे. पट्टा योग्य दिवशी गेला असेल तर पुराचा पाण्यावरचा उतार आणि फुगवटा कुठपर्यंत होता हे एका चित्रात मिळते. अलमट्टीच्या फुगवट्यावरच्या वादात अशी मोजणी दोन्ही बाजूंना तपासता येण्याजोगी असते.

पाणथळींचे काय?

हा सर्वांत अवघड भाग आहे. नांदूर मध्यमेश्वर ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे ते उथळ पाणी. अशा ठिकाणी पाणी, गाळ, पाणकणीस आणि जलपर्णी एकमेकांत मिसळलेले असतात. उघड्या पाण्याचा तुकडा पुरेसा मोठा असेल तर तिथे स्वॉटचे १०० मीटर चौकोनांचे रास्टर (चौकोनी जाळीचा नकाशा) घेऊन फक्त आतले चौकोन वापरावेत. दोन-तीन चौकोनांवर कोणताही निष्कर्ष काढू नये.

झाडोऱ्याखालच्या पाण्यासाठी वेगळी पद्धत आहे. लांब लहरीचा एल पट्टा पानांमधून आत जातो, पाण्यावर आणि मग खोडावर अशी दोनदा उसळी घेऊन परततो. दोन तारखांच्या अशा चित्रांतल्या कलेचा फरक काढला की मधल्या काळात पाणी किती सेंटीमीटर वर-खाली झाले ते निघते. ॲमेझॉनच्या पूरमैदानात आणि फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये हे करून दाखवले आहे. दोन मर्यादा लक्षात ठेवा. मिळतो तो बदल, पातळी नव्हे. आणि उघड्या पाण्यावर ही पद्धत चालत नाही, कारण तिथे दोन तारखांच्या लहरींचा मेळच बसत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहावर एल आणि एस असे दोन्ही पट्टे आहेत आणि तो १२ दिवसांनी त्याच कक्षेत येतो. खारफुटी आणि पाणकणसांच्या पाणथळींसाठी आपल्याला हवा होता तसा हा उपग्रह आहे.

पातळीवरून टीएमसी कसे काढायचे?

दोन पातळ्या आणि दोन्ही वेळचे पाण्याचे क्षेत्र लागते. दोन्ही क्षेत्रांची बेरीज करा, त्यात त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ मिळवा, पातळीतल्या फरकाने गुणा आणि ३ ने भागा. समजा क्षेत्र २०० चौरस किलोमीटरवरून १८० वर आले आणि पातळी १ मीटर उतरली. २०० अधिक १८० अधिक १८९.७, भागिले ३, म्हणजे सुमारे १९० दशलक्ष घनमीटर. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर, म्हणून साठा ६.७ टीएमसीने घटला. पातळीत १० सेंटीमीटरची चूक असेल तर इथे पाऊण टीएमसीच्या जवळपास चूक होते. उत्तरासोबत हे लिहायलाच हवे.

क्षेत्र सेंटिनेल-२ च्या १० मीटर चित्रांवरून काढता येते. हिरव्या आणि अवरक्त पट्ट्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, शून्याच्या वर ते साधारण पाणी. पावसाळ्यात ढग असले तर सेंटिनेल-१ चे रडार घ्या. या रीतीने फक्त साठ्यातला बदल मिळतो. उपग्रहाला तळ दिसत नाही, म्हणून एकूण साठ्यासाठी धरणाचा क्षमता तक्ता लागतो, आणि गाळामुळे जुना तक्ता साठा जास्त दाखवतो. उजनी वजा पातळीत गेल्यावरही उपग्रह मोजत राहतो. मृतसाठ्याच्या रेषेशी त्याला कर्तव्य नसते.

गावतळे किंवा पाझर तलाव मोजता येईल का?

६ हेक्टरपेक्षा लहान असेल तर पातळी नाही, क्षेत्र मिळेल. एकदा तळे कोरडे असताना त्याचे समतल सर्वेक्षण करून ठेवा. मग प्रत्येक चित्रातल्या काठाच्या रेषेवरून पातळी वाचता येते.

विसर्ग मिळतो का?

अंदाज मिळतो. रुंदी, पातळी आणि उतार उपग्रह देतो, पण तळाचा आकार आणि खडबडीतपणा अंदाजाने धरावा लागतो. एकदा तरी पात्राचा छेद प्रत्यक्ष मोजला असेल तर अंदाज पुष्कळ सुधारतो. बरगे घातलेल्या काळात हा आकडा काढूच नये.

स्वतः पडताळणी करायची असेल तर काय लागेल?

काठावर न हलणारी खूण, जसे पुलाचा पाया किंवा पक्का दगड. तिथे जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणारे) यंत्र किमान दोन तास स्थिर ठेवा आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम केंद्रांच्या नोंदीशी जुळवून उंची काढा. अँटेनाची उंची तिरकी मोजली की सरळ, हे वहीत लिहा. सर्वाधिक चुका इथेच होतात. त्या खुणेवरून पाण्यापर्यंत लेव्हलने उतरून मोजपट्टी लावा. लंबगोल उंचीतून जिऑइड वजा करताना उपग्रहाच्या आकड्यासाठी वापरला तोच जिऑइड वापरा.

उपग्रह येण्याच्या अर्धा तास आधीपासून अर्ध्या तासानंतरपर्यंत दर दहा मिनिटांनी वाचन घ्या. सेंटिनेल-३ सकाळी किंवा रात्री दहाच्या सुमारास येतो. स्वॉटची स्थानिक वेळ मात्र दर फेरीला सरकते, ती आधी पाहून ठेवा. वारा कुठून होता तेही लिहा, कारण लांब जलाशयात सलग वाऱ्याने पाणी एका काठाला काही सेंटीमीटर चढते. रात्रीच्या फेरीसाठी दाबमापक नोंदयंत्र पाण्यात सोडा आणि दुसरे काठावर हवेत ठेवा. हवेच्या दाबातला १ हेक्टोपास्कलचा फरक पाण्यात १ सेंटीमीटरचा दिसतो, म्हणून दुसऱ्याशिवाय पहिल्याचे वाचन वापरता येत नाही.